धक्क्यावरची आठ मिनिटं

मिनिटराव हे त्यांचं खरं नाव नव्हे, हे सांगायला नकोच. पण बसच्या आगारात चौतीस वर्षं वेळापत्रकं लिहिलेल्या माणसाचं खरं नाव कोण लक्षात ठेवतो? कुठली बस किती वाजता सुटेल, कुठल्या थांब्यावर किती मिनिटं उभी राहील आणि शेवटी कधी पोचेल, हे ते एका लांबलचक कागदावर आधी पेन्सिलीने मांडायचे आणि मग शाईने पक्कं करायचे. शाई वाळली की ती दगडावरची रेघ. ड्रायव्हर-कंडक्टर मंडळी तोंडावर त्यांना साहेब म्हणत. पाठीमागे जे काही म्हणत, त्यातलं मिनिटराव एवढंच घरी सांगण्यासारखं होतं.

गंमत म्हणजे या माणसाला स्वतःला गाडी चालवता येत नव्हती. सायकलसुद्धा बेताचीच.

निवृत्त होऊन पाच वर्षं झाली, तरी सुंभ जळला आणि पीळ तसाच राहिला. घरात घड्याळं चार आणि माणसं दोन. भाजी आणायला निघाले तरी कोपऱ्यावरून वळताना मनगटाकडे बघायचे. बायको टेलिफोन एक्स्चेंजमध्ये नोकरीला होती. लोकांचे आवाज ऐकण्यात तिचा जन्म गेलेला, त्यामुळे नवऱ्याने नुसतं खाकरलं तरी पुढे काय येणार ते तिला कळायचं. तिनेच एका सकाळी विषय काढला.

"पाऊस सरला. थंडीला अजून अवकाश आहे. समुद्राच्या रस्त्याने चार दिवस जाऊन येऊ या. सावकाश. ताईला आणि भावोजींना घेऊन."

मिनिटरावांना त्यातलं रस्त्याचं तेवढं ऐकू आलं. समुद्राचा रस्ता! आगारातला सगळ्यात अवघड मार्ग, दोनशे साठ किलोमीटर, एकेचाळीस थांबे, आणि त्याचं वेळापत्रक त्यांनी स्वतः तीनदा नव्याने बांधलेलं. त्यांनी कपाटातून आखीव कागद काढला, पेन्सिलीला टोक केलं आणि जेवणाच्या टेबलावर ठाण मांडलं. दोन दिवस ते कुणाशी धड बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी सहलीचं वेळापत्रक बायकोच्या हातात पडलं.

बायकोने चष्मा लावला. "दहा चाळीस ते दहा पंचावन्न, समुद्र पाहणे," ती वाचू लागली. "दहा पंचावन्न ते अकरा दोन, चहा. अहो, चार माणसांचा चहा सात मिनिटांत? बशीत ओतून प्यायचा का?"

"दोन मिनिटं वाढवता येतील. पुढे घाटात भरून निघतात."

"सतरा पन्नास ते अठरा बारा, सूर्यास्त." तिने चष्म्यावरून बघितलं. "सूर्याला कळवलंय का?"

"त्याचं वेळापत्रक छापलेलं असतं," मिनिटराव गंभीरपणे म्हणाले.

ती हसली नाही. कागदाची घडी घालून तिने टेबलावर ठेवली. "हे सगळं ठीक. गाडी कोण चालवणार?"

इथे घोडं अडलं. गाडी ताईच्या घरची घ्यायची, हे ठरलेलं होतं. ती चालवणारे ताईचे यजमान, म्हणजे मिनिटरावांचे थोरले साडू, त्याच आगारात तीस वर्षं ड्रायव्हर होते. आणि साडू-साडूंमध्ये एकोणीस वर्षं 'काय, बरं आहे ना' आणि 'बरं आहे' यापलीकडे शब्द गेलेला नव्हता. लग्नकार्यात दोघं मांडवाच्या दोन टोकांना बसत. बहिणी रोज दुपारी चारला फोनवर बोलत, पण एका घरात सलग दोन दिवस राहिल्याचं दोघींनाही आठवत नव्हतं.

"भाड्याचा ड्रायव्हर बघू," मिनिटराव म्हणाले.

"ताई भावोजींशिवाय येणार नाही. आणि ताईशिवाय मी येणार नाही." बायकोचा आवाज चढला नाही, उलट खाली गेला. "थंडी पडली की ती दोघं मुलाकडे जाताहेत. कायमची. विमानाने जायला एक दिवस लागतो तिथे. तुमच्या दोघांच्या आठ मिनिटांपायी आम्ही बहिणींनी एकोणीस वर्षं घालवली. आता हे चार दिवस मला हवेत, बस्स."

ती आठ मिनिटं अशी. समुद्राच्या रस्त्यावर, घाट उतरला की खाडीच्या तोंडाशी एक होडीचा धक्का आहे. जुन्या वेळापत्रकात तिथे बस आठ मिनिटं थांबायची. एकोणीस वर्षांपूर्वी मिनिटरावांनी तीन दिवसांच्या तिकिटांचा तक्ता मागवला. धक्क्यावर चढलेले प्रवासी तिन्ही दिवस शून्य. रिकाम्या थांब्यावर आठ मिनिटं? त्यांनी आठाचा एक केला. दुसऱ्या दिवशी साडू आगारात त्यांच्या खिडकीशी आले आणि म्हणाले, "धक्क्यावरचा वेळ परत द्या." वीस-पंचवीस माणसं उभी होती. सगळ्यांच्या देखत नात्याचा दाब आणला जातोय, असं मिनिटरावांना वाटलं आणि त्यांच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. ते म्हणाले, "तुम्ही बस चालवा. वेळापत्रक मी चालवतो." लोक हसले.

त्यानंतर दोन-तीन दिवस सोडले तर साडूंची बस रोज आठ-दहा मिनिटं उशिरा येऊ लागली. निवृत्त होईपर्यंत, अकरा वर्षं. मिनिटरावांनी उशिराच्या वहीत रोज नोंद केली, आणि 'कारण' या रकान्यात रोज लिहिलं, 'नाही'. त्या नोंदींपायी साडूंना वक्तशीरपणाचा बिल्ला कधीच मिळाला नाही. मिनिटराव म्हणत, नियम तो नियम, तिथे साडू काय आणि सख्खा भाऊ काय.

चारच्या फोनवर बायकोने ताईला विचारलं. ताईने फोन बाजूला ठेवून नवऱ्याला विचारलं. मग ताईचा आवाज आला, "हे म्हणताहेत, साडूभाऊंना सांग, आधी त्या रस्त्याने एकदा बसने जाऊन या. मग बोलू."

"मी जाऊन येऊ?" मिनिटराव उखडले. "तो रस्ता मी बांधलाय! एकेचाळीस थांबे तोंडपाठ आहेत मला!"

"पण गेलायत का कधी?" बायकोने विचारलं.

ते गेले नव्हते. सगळा हिशेब कागदावरून, तक्त्यांवरून, नकाशावरून. कामाच्या दिवशी टेबल सोडता येत नसे आणि सुट्टीच्या दिवशी बसचं तोंड बघवत नसे. दोन दिवस ते घुमेपणाने वावरले. आणि मंगळवारी सकाळी पाण्याची बाटली पिशवीत टाकून, पावणेनऊच्या बसमध्ये ड्रायव्हरच्या मागच्या सीटवर जाऊन बसले.

ड्रायव्हर पस्तिशीतली एक बाई होती, केस घट्ट बांधलेली, बोलायला मोकळी. घाट चढताना बस हळू झाली. मिनिटरावांनी घड्याळ बघितलं, चार मिनिटं मागे. वळणांवर दोन्ही बाजूंचं गवत पिवळं पडायला लागलं होतं, आणि एका वळणानंतर खाली एकदम समुद्र आला. ते बघतच राहिले. आपल्या कागदावर या जागेला 'थांबा क्रमांक सतरा' म्हणतात, हे आठवून त्यांना थोडं ओशाळल्यासारखं झालं.

घाट उतरल्यावर बस धक्क्याशी थांबली आणि बाईने इंजिन बंद केलं. थर्मास काढला, कपात चहा ओतला.

"का हो, बिघडलं काही?" मिनिटरावांनी विचारलं.

"छे. होडी यायचीय."

"किती वेळ थांबायचं?"

"येईपर्यंत."

"वेळापत्रकात इथे एक मिनिट आहे," ते म्हणाले. जुन्या सवयीने आवाजाला धार आलीच.

"असेल की. वेळापत्रक भिंतीवर असतं आजोबा, होडी पाण्यात असते." तिने फुंकर मारून घोट घेतला. "ओहोटीला तिथे मध्ये गाळात अडकते. पाणी चढेपर्यंत हलत नाही. कधी चार मिनिटं, कधी पंधरा. पुढची बस तीन तासांनी. पलीकडच्या लोकांनी करायचं काय?"

"हे तुम्हाला आगारातून सांगितलंय?"

"आगार कसलं सांगतंय! मला ज्यांनी गाडी शिकवली त्यांनी सांगितलं. त्यांना त्यांच्या उस्तादांनी. या रस्त्यावर नवा ड्रायव्हर आला की पहिल्या दिवशी हेच शिकतो. थोरल्या उस्तादांपासून चाललंय म्हणे. त्यांना रोज उशिराचा शेरा बसायचा. कोणी एक साहेब होता आगारात, मिनिटाला जीव देणारा."

मिनिटरावांनी तोंड खिडकीकडे वळवलं. खाली पाण्यातून होडी येत होती. मग धक्क्याच्या दगडी पायऱ्या चढून माणसं वर आली. हातात फाइल धरलेली एक म्हातारी, डबा घेतलेला गवंडी, दोन नर्स, कडेवर मूल घेतलेली बाई. त्यांनी मोजलं, चौदा. तीन दिवसांच्या तक्त्यातली तीन शून्यं त्यांच्या डोळ्यांपुढे आली. ते तिन्ही दिवस ओहोटीचे असणार, माणसं गाळात अडकलेल्या होडीत बसलेली असणार आणि बस निघून गेली असणार. चौतीस वर्षांत आपण रोज घड्याळ बघितलं आणि भरती-ओहोटी एकदाही बघितली नाही, हे त्यांना कळलं.

परतीच्या बसने ते थेट साडूंच्या दारात गेले.

घरात खोकीच खोकी. साडू जमिनीवर बसून कपबशा वर्तमानपत्रात गुंडाळत होते. ताईने खुर्ची पुढे केली, पण मिनिटराव साडूंच्या समोर खालीच बसले, गुडघे कुरकुरले तरी.

"जाऊन आलो," ते म्हणाले.

"हं."

"माझं चुकलं. तक्ता तीन दिवसांचा मागवला. ओहोटीचे दिवस होते. मी चौकशीच केली नाही. अकरा वर्षं तुमच्या नावापुढे लिहीत गेलो, कारण नाही म्हणून. तुम्ही बिल्ल्याला मुकलात."

साडूंनी हातातला कप पूर्ण गुंडाळला, खोक्यात ठेवला आणि दुसरा घेतला. "बिल्ल्याचं काय घेऊन बसलात? तो छातीवर लावून समुद्रात उडी मारायची होती का मला?"

"मग एकोणीस वर्षं राग कशाचा?"

ताई स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. हे तिलाही ठाऊक नव्हतं.

"तुम्ही खिडकीवर बोललात ना, लोक हसले," साडू म्हणाले. "मी म्हटलं ठीक आहे, चालवतो तुमच्या वेळेवर. दुसऱ्या दिवशी धक्क्यावर एक मिनिट थांबलो आणि निघालो. आरशात बघितलं तर एक माणूस पायऱ्या चढून वर येत होता. पाठीवर बाई होती. तिची मान लुळी पडलेली. तो एक हात वर करून ओरडत होता. माझा पाय ब्रेकवर गेला. गेला होता, साडूभाऊ. पण मनात तुमचे शब्द आणि त्या लोकांचं हसणं. मी पाय काढला."

साडूंनी हातातल्या कपाला अजून एक कागद गुंडाळला.

"बस काट्यावर काटा पोचली त्या दिवशी. तुम्ही खिडकीतून म्हणालात, 'पाहिलंत? जमतं की!' आठवतं?"

आठवत होतं. घरी येऊन त्यांनी ते बायकोला रंगवून सांगितलं होतं, आणि पुढे कितीतरी वर्षं पाहुण्यांना.

"त्यानंतर मी थांबायला लागलो," साडू म्हणाले. "राग तुमचा नव्हता एवढा. तुम्हाला बघितलं की तो आरसा दिसायचा."

"त्या बाईचं पुढे काय झालं?"

"माहीत नाही."

"विचारलं नाहीत कधी? अकरा वर्षं रोज तिथे..."

"रोज. रोज पायऱ्या चढणाऱ्यांची तोंडं बघायचो. विचारायचा धीर झाला नाही."

मिनिटरावांनी खोक्यातला एक कप उचलला आणि कागदात गुंडाळायला घेतला, कारण हातांना काहीतरी हवं होतं. त्यांना ते नीट जमत नव्हतं. "आपण विचारू," ते म्हणाले. "दोघं जाऊ. काय असेल ते माझ्यावर. वेळ मी लावली होती."

"पाय माझा होता," साडू म्हणाले, आणि त्यांच्या हातातला कप काढून घेऊन नीट गुंडाळून दाखवला.

गुरुवारी चौघं निघाले. मिनिटराव पुढे बसले, बहिणी मागे. मागे गप्पांना असा ऊत आला होता की घाट कधी चढला आणि कधी उतरला ते त्यांना कळलं नाही. लहानपणीच्या कुणा शेजारणीची नक्कल चालली होती, आणि हसता हसता ताईला ठसका लागला. पुढच्या दोघांनी मात्र सगळ्या वाटेत चार वाक्यंसुद्धा उच्चारली नाहीत. धक्क्याशी साडूंनी गाडी सावलीला लावली.

"तुम्ही बसा," ते मागे वळून म्हणाले. "आम्ही खाली जाऊन येतो."

पायऱ्या ओल्या होत्या. मधल्या पायरीवर साडू थबकले. "तुम्ही विचारा. माझ्याने व्हायचं नाही."

खाली चाळिशीतला एक होडीवाला दोर आवरत होता. मिनिटराव त्याच्यापुढे उभे राहिले. काय बोलायचं ते त्यांनी रात्रभर जुळवलं होतं, त्यातलं एक अक्षर आठवेना. "एकोणीस वर्षांपूर्वी," ते म्हणाले, "याच दिवसांत, एक माणूस एका आजारी बाईला पाठीवर घेऊन वर धावला होता. बस निघून गेली. तुम्हाला काही ठाऊक आहे का?"

होडीवाल्याचे हात थांबले. "माझा थोरला भाऊ तो. आणि ती आमची आत्या. तिनेच वाढवलं आम्हाला." त्याने दोर खाली ठेवला. "दमा होता. बस गेली, मग परत होडीत घातली. पलीकडे डॉक्टर नव्हता. संध्याकाळी गेली." थोडं थांबून तो म्हणाला, "बस मिळाली असती तरी काय झालं असतं, कुणी सांगावं? पण भाऊ म्हणतो, ड्रायव्हरने आरशात बघितलं होतं. हे त्याच्या डोक्यातून जात नाही."

साडू उरलेल्या पायऱ्या उतरून आले. "बघितलं होतं," ते म्हणाले. "मीच तो."

"आणि तिथे थांबायचं नाही, हे मी ठरवलं होतं," मिनिटराव म्हणाले. साडूंनी त्यांचा दंड धरला, की त्यांनी साडूंचा, ते गाडीतून उतरून वरून बघणाऱ्या बायकोलाही नीटसं कळलं नाही.

होडीवाल्याने या दोन म्हाताऱ्यांकडे आळीपाळीने बघितलं. त्याचा चेहरा कठीण झाला होता. तो काहीतरी कडक बोलणार, असं मिनिटरावांना वाटलं आणि ऐकून घ्यायची त्यांची तयारी होती. पण तो वाकला आणि दोर सोडायला लागला.

"मला सांगून काय उपयोग?" तो म्हणाला. "भाऊ पलीकडे घरी आहे. त्याला सांगा. वरच्या बायकांनाही बोलवा, उन्हात उभ्या आहेत."

मिनिटरावांनी वर बघून हात केला. बहिणी एकमेकींचा आधार घेत एकेक पायरी उतरून आल्या. कुणी त्यांना काही सांगितलं नाही आणि त्यांनी विचारलं नाही. आधी ताई होडीत बसली, मग मिनिटरावांची बायको, मग ते दोघं. भरती होती, होडी कुठेही न अडकता निघाली.